रुजुवात

"तळाशी राहिलंय बघा," कमल म्हणाली.

अनंतरावांनी पेला पुन्हा तोंडाला लावला आणि उरलेला घोट डोळे मिटून घशाखाली ढकलला. गुळवेलीचा काढा. चार वर्षं रोज प्यायला तरी जिभेला त्याची सवय होत नाही, हे त्यांनी कुठल्याही कोर्टात शपथेवर सांगितलं असतं. त्यांनी पेला परत दिला. कमलनं तो गॅलरीतल्या उजेडाकडे तिरपा धरून आत पाहिलं आणि मगच ती स्वयंपाकघराकडे वळली.

चार वर्षं हा रिवाज होता. सकाळी साडेसहाला स्टीलचा पेला, समोर ती उभी, आणि शेवटी पेल्यात डोकावणं. नवऱ्याच्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता असं नाही. बाकी सगळ्या बाबतींत होता. पेल्याच्या बाबतीत नव्हता, आणि तो का नव्हता हे दोघांनाही ठाऊक होतं.

"रक्ताचा रिपोर्ट आज मिळंल का हो?" तिनं आतून विचारलं.

"मिळंल की. दुपारी जाऊन आणतो."

रिपोर्ट कालच मिळाला होता. या घटकेला तो त्यांच्या सदऱ्याच्या खिशात चार घड्या घालून बसला होता, आणि तो घेऊन ते काल डॉक्टरांना भेटूनही आले होते. महिनाभर थकवा होता, अन्नावरची वासना उडाली होती, चहाचा वास नकोसा झाला होता, म्हणून रक्त तपासलं. लिव्हरचा एक आकडा असतो, एसजीपीटी म्हणतात त्याला. धडधाकट माणसाचा चाळिसाच्या आसपास असावा. अनंतरावांचा चारशे बारा निघाला.

आकड्यांशी आणि कागदांशी त्यांचा जन्मभराचा घरोबा. अनंत गोविंदराव कंधारकर, वय बासष्ट, दिवाणी कोर्टाच्या नक्कल विभागातून निवृत्त. कुणाला निकालाची किंवा खरेदीखताची नक्कल हवी असली की एकानं ती उतरवायची, आणि मग दोघांनी बसून ती असलशी, म्हणजे मूळ कागदाशी, ताडून पाहायची. एकानं असल मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवत ऐकायचं, आणि कुठं जुळलं नाही की म्हणायचं, "फरक." याला मराठीत रुजुवात म्हणतात, कचेरीत सगळे मुकाबला म्हणत. चौतीस वर्षं अनंतरावांनी हेच केलं. साहेब झाले नाहीत, बढतीसाठी कुणाचे उंबरे झिजवले नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांच्या सहीनं गेलेल्या कागदात स्वल्पविरामाचीसुद्धा चूक कुणी कधी काढली नाही. एवढी एकच फुशारकी ते मारत, तीही काचीगुड्याच्या त्यांच्या दोन खोल्यांत, कमलसमोर.

काल डॉक्टर गौतम यांनी कागद वाचून चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं होतं. डॉक्टर तेलुगू, वयानं तरुण, बोलणं मात्र पक्कं हैदराबादी.

"पीते क्या, साब?"

"चाय पीतूं," अनंतराव म्हणाले.

"वो नै. दूसरी."

"जिंदगी में हात नै लगाया."

डॉक्टरांनी मान हलवली. काविळीच्या विषाणूंच्या तपासण्या निर्दोष होत्या, सोनोग्राफीत काही नव्हतं. "फिर कोई गोली? जडीबूटी? कुछ तो लेते रहेंगे."

"काढा पीतूं. गुळवेल. वो गिलोय बोलते ना, वो."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कबसे?"

"चार साल. रोज."

"हजारो लोगां पीते, साब. कुछ नै होता. मगर किसीकिसी के लिव्हर को वो चलताच नै. मेरेकू तो वोच लगता. आज से बंद. तीन हफ्ते बाद फिर खून देखेंगे. बंद करे तो उतर जाना. नै करे तो..." डॉक्टरांनी कागद परत त्यांच्याकडे सरकवला. "लिव्हर बहुत सबर करता. मगर एक बार बैठ गया, तो फिर मैं भी कुछ नै कर सकता."

किती सोपं काम. ना चिरफाड, ना महागडं औषध. एक पेला बंद करायचा. दुसरा कुणी असता तर डॉक्टरांचे पाय धरून नाचत घरी गेला असता. अनंतराव दवाखान्याचा जिना एकेक पायरी मोजत उतरले. हे कमलला सांगायचं कसं, हा एकच प्रश्न त्यांच्यासमोर होता.

प्रथमेश त्यांचा एकुलता एक. सत्तावीस वर्षांचा, गच्चीबावलीतल्या एका कंपनीत कामाला. करोनाची दुसरी लाट आली तेव्हा तो घरीच बसून लॅपटॉपवर काम करत होता. कमलनं बेगम बाजारातून गुळवेलीच्या वाळक्या कांड्या आणल्या, मग कुणाकडून तरी ओली फांदी मिळवून गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात खोचली. घरात सगळ्यांना सकाळी एक पेला सक्तीचा. प्रथमेशला तो उतरत नसे. पहिला घोट घेतला की त्याला उमळून यायचं.

"बाबा, प्लीज," तो हळूच म्हणायचा आणि पेला त्यांच्या हातात द्यायचा. प्लीज म्हणताना थोडंसं हसायचा. "आईला सांगा ना, प्यालो म्हणून."

अनंतराव बेसिनचा नळ सोडायचे आणि पाण्याच्या आवाजात काढा ओतून द्यायचे. "प्याला का तो?" आतून कमल विचारायची. "प्याला," ते सांगायचे. अकरा दिवस हे चाललं. बाराव्या दिवशी प्रथमेशला ताप आला. नऊ दिवस तो इस्पितळात होता. चोवीस मेच्या सकाळी तिथून फोन आला, आणि त्यांना मुलाचं तोंडसुद्धा पाहायला मिळालं नाही.

तेराव्यानंतर अनंतरावांना राहवलं नाही. खोटी नक्कल पोटात ठेवून जगणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. "कमल," ते म्हणाले, "तो काढा घेत नव्हता. मी बेसिनात ओतत होतो." वाटलं होतं ती रडेल, ओरडेल, निदान आपल्याला दोन शब्द सुनावेल. ती उठली, काढा उकळला, आणि मुंजीत आलेला, "चि. प्रथमेश" असं नाव कोरलेला पेला भरून त्यांच्यापुढं येऊन उभी राहिली. तेव्हापासून ते रोज त्याच पेल्यातून पीत होते.

काढ्यानं पोर वाचलं असतं का, हे देव जाणे. कमलनं मात्र तसं मनाशी धरलं होतं. प्यायला असता तर वाचला असता. या एका वाक्याच्या आधारानं ती सकाळी उठत होती, भाजी निवडत होती, चार बायकांत जाऊन बसत होती. नवऱ्याला चार वर्षांत साधा ताप आला नाही, हे ती भेटेल त्याला सांगायची. तोच काढा आता त्याचं लिव्हर खातोय, हे तिला कुठल्या तोंडानं सांगणार? आणि खरं सांगायचं तर अडचण तेवढीच नव्हती. मुलाचा पेला ओतून देणाऱ्या बापाला स्वतःचा पेला नाकारायचा हक्क आहे का, हे अनंतरावांना स्वतःलाच कळत नव्हतं.

दुपारी ते सुलतान बाजारात गेले. तिथं पुस्तकांच्या दुकानांमागच्या गल्लीत किशोर माथुरचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. किशोर म्हणजे त्यांचा नक्कल विभागातला जोडीदार. तीस वर्षं हा वाचायचा आणि अनंतराव बोट फिरवायचे. जुन्या कायस्थ घराण्यातला, तोंडात पान, बोलण्यात उर्दू.

अनंतरावांनी खिशातला कागद त्याच्यापुढं ठेवला आणि तीन आकडे पेन्सिलीनं दुसऱ्या कागदावर लिहून दिले. "ये कागज ऐसाच बना. खाली ये तीन बदल."

किशोरनं दोन्ही कागद वाचले. पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात गेला. "अनंतराव, तीस बरस में तुम मेरेकू एक नुक्ता नै छोडने दिये."

"हौ."

"और आज ये?"

"तेरी भाभी के लिए है. वो डरती."

"डरती तो डरने दो. बीमारी तुम्हारी, कागज से थोडी उतरती."

अनंतराव नुसते स्टुलावर बसून राहिले. शेवटी किशोर कॉम्प्युटरकडे वळला. काम त्यानं चोख केलं. अक्षर तेच, शिक्का तोच, खालची सही तीच. छापलेला कागद हातात देताना तो सवयीनं म्हणाला, "मुकाबला कर लेते?"

"नक्को," अनंतराव म्हणाले. असल त्यांनी तिथंच फाडून टाकली.

घरी कमलनं रिपोर्ट चष्मा लावून वाचला. एसजीपीटी अडतीस. तिनं कागद देवापुढं ठेवला, मग उचलून प्रथमेशच्या फोटोखाली ठेवला, मग त्या कागदाचा मोबाइलवर फोटो काढून नांदेडला बहिणीला, रेणूला पाठवला. "बासष्टाव्या वर्षी असं लिव्हर आहे म्हणावं. काढ्याचा गुण," असं तिनं फोनवर सांगितलेलं अनंतरावांनी ऐकलं. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजाला उभारी आली होती. संध्याकाळी तिनं शिरा केला. अनंतरावांनी तो खाल्ला आणि न्हाणीघरात जाऊन ओकून टाकला.

एकदा संधी आली होती. आठ-दहा दिवसांनी सकाळी कमल पेला देते न देते तोच रेणूचा फोन आला, आणि बोलता बोलता ती आतल्या खोलीत गेली. चार वर्षांत पहिल्यांदाच अनंतराव पेल्यासह एकटे होते. ते बेसिनपाशी गेले. नळ सोडला. पेला कलता केला.

"बाबा, प्लीज."

अगदी कानाशी. प्लीज म्हणतानाचं ते थोडंसं हसूही तसंच. अनंतराव भुताखेतांवर विश्वास ठेवणारे नव्हते. कोर्टात काम केलेल्या माणसाला पुरावा लागतो. पण कलता केलेला पेला त्यांनी पुन्हा सरळ धरला. नळाखाली पाणी घुळघुळ करत जात होतं आणि ते तिथं काढ्याचा पेला धरून उभे होते, चार वर्षांपूर्वी उभे असत तसेच, त्याच जागी. त्यांनी नळ बंद केला आणि पेला एका दमात पिऊन टाकला.

कमल बाहेर आली. तिनं पेल्यात पाहिलं, आणि मग बेसिनवर वाकून वास घेतला. कडू वास नव्हता. "एकट्यानंच प्यालात?" तिनं विचारलं, आणि तिचे डोळे एकदम भरून आले. ते अश्रू पाहून अनंतरावांना वाटलं, हे लिव्हर गेलं तर जाऊ दे.

असं एखाद्या सकाळी वाटतं. दुपारी वेगळं वाटतं. दुपारी ते गॅलरीत बसून स्वतःच्या नखांकडे पाहायचे, अंग खाजवायचे, आणि आत काय चाललं असेल याचा विचार करायचे. मरायची भीती त्यांना वाटत होती, चांगलीच वाटत होती. रोज तिच्या हातचा पेला घेताना आकडा किती झाला असेल हे ते मनात मांडायचे. पाचशे. साडेपाचशे. आणि आपण गेलो तर कमल उरलेला जन्म पुन्हा कसला हिशेब लावत बसेल, हा विचार आला की घाबरून उठून फेऱ्या मारायला लागायचे. डब्यातली गुळवेल चार वर्षांत गजावरून शेजारच्या कडुलिंबावर चढली होती आणि तिनं अर्धं झाड झाकलं होतं. तिच्याकडे ते पाठ करून बसायचे.

तिसऱ्या आठवड्यात कमलनं त्यांचा चेहरा हनुवटीला धरून उजेडाकडे फिरवला. "डोळे पिवळे दिसायलेत हो तुमचे."

"उन्हानं असंल."

"उन्हानं लाल होतात. पिवळे कुठं होतात?" ती विचारात पडली. "रिपोर्ट तर इतका चांगला आहे. मग असं कायकू व्हायलंय?"

त्या खोट्या कागदानं त्यांचीच वाट अडवून ठेवली होती. कमलनं तिच्या परीनं उपाय शोधला. त्या दिवसापासून काढा दोन वेळा झाला, सकाळी एक पेला आणि दिवेलागणीला एक. अनंतराव दोन्ही प्यायले.

चोवीस फेब्रुवारीला डॉक्टरांचे तीन आठवडे भरले. अनंतराव पुन्हा रक्त द्यायला म्हणून निघाले आणि लॅबच्या दारापर्यंत जाऊन परत फिरले. आकडा कागदावर पाहायची छातीच झाली नाही. स्टेशनाकडच्या रस्त्यावर थोडं फिरून, एका बाकावर थोडं बसून ते चारच्या सुमाराला घरी आले.

कमल टेबलाशी बसली होती. पुढ्यात प्रथमेशचा फोन होता. शेजारी किशोरनं छापलेला रिपोर्ट.

दर महिन्याच्या चोवीस तारखेला ती तो फोन कपाटातून काढायची, चार्ज करायची, त्यातले फोटो बघायची आणि बंद करून परत ठेवायची. नंबर तिनं अजून चालू ठेवला होता. दुसऱ्या कुणाला जायला नको म्हणून. अनंतरावांना हे माहीत होतं. त्या दिवशी ते आपल्या काळजीत तारीखच विसरले होते.

"बसा," ती म्हणाली. "रुजुवात करू."

नवं लग्न झालं तेव्हा कामाचा ढीग असला की अनंतराव कागद घरी आणायचे, आणि कमल असल वाचून दाखवायची. ती मराठी शाळेत शिकवायची. शुद्धलेखन घालताना वाचतात तसं सावकाश, टिंबासकट वाचायची. संसाराचे पहिले दिवस त्यांनी असेच एका कंदिलासारख्या पिवळ्या बल्बखाली घालवले होते. किती वर्षांत तिनं तो शब्द उच्चारला नव्हता.

"नक्कल तुम्ही धरा," तिनं छापलेला कागद त्यांच्याकडे सरकवला. "असल माझ्याकडं आहे."

ते बसले. कागद हातात घेतला. बोट आपोआप पहिल्या ओळीवर गेलं.

"नाव. अनंत गोविंदराव कंधारकर."

"बरोबर."

"वय बासष्ट. पुरुष."

"बरोबर."

"तारीख तीन फेब्रुवारी."

"बरोबर."

"बिलिरुबिन. दोन पॉइंट आठ."

त्यांच्या बोटाखाली शून्य पॉइंट आठ होतं. वर्गात एखाद्या मुलाचं उत्तर यायची वाट बघावी तशी ती थांबली.

"फरक," अनंतराव म्हणाले.

"एसजीओटी. तीनशे पासष्ट."

"फरक."

"एसजीपीटी." इथं तिनं चष्मा सारखा केला आणि आकडा पूर्ण वाचला. "चारशे बारा."

"फरक."

तिनं फोन पालथा ठेवला. "लॅबवाल्यांनी त्याच्या नंबरवर पाठवलाय. तीन तारखेलाच. मी आज चालू केला तर आला. मला आधी वाटलं..." चार वर्षं गप्प असलेला मुलाचा फोन हातात वाजला, तेव्हा आईला काय वाटलं असेल ते अनंतरावांना न सांगता कळलं.

मग त्यांना लॅबमधल्या मुलीचं बोलणं आठवलं. पहले आये थे क्या, तिनं विचारलं होतं. हौ, करोना में, ते म्हणाले होते. तिनं जुनं नाव उघडून पावती छापली. त्या वेळी सगळ्या घराचं नाव प्रथमेशनंच त्याच्या नंबरवर नोंदवलं होतं. दुसऱ्यांच्या कागदातला स्वल्पविराम न सोडणाऱ्या माणसानं स्वतःच्या पावतीवरचा नंबर वाचला नव्हता.

"काय झालंय तुम्हाला?" कमलनं विचारलं. "खरं सांगा. पैलेच एकदा खोटं बोललात."

अनंतरावांनी सांगितलं. सुरुवातीला अडखळत, मग एकदम सगळं. डॉक्टर काय म्हणाले, काय बंद करायला सांगितलं, किती दिवस. ती ऐकत असताना तिचा चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला.

"म्हणजे मी दिला," ती म्हणाली. "मी उभी राहून पाजला. परवापासून दोन वेळा."

"तुला माहीत नव्हतं."

"तुम्हाला होतं ना. मग का पीत होता?"

ते टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. "त्याचा मी ओतला होता, कमल."

बाहेर कडुलिंबावर चिमण्यांचा कलकलाट चालला होता. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे तो प्यायला असता तरी..." आणि तिथंच थांबली. त्या वाक्याचा उरलेला भाग अनंतरावांनी चार वर्षं तिच्या तोंडून ऐकायची वाट पाहिली होती. आता ती थांबली तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, ते वाक्य पूर्ण झालं तर आपण सुटू, पण तिच्या हाताशी काही उरणार नाही. त्यांनी तिला ते पूर्ण करायला लावलं नाही. उठून तिच्या खुर्चीमागे गेले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून उभे राहिले. मग ती रडली. मुलगा गेल्यापासून त्यांच्यादेखत ती पहिल्यांदाच अशी मोकळी रडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला ती पेला घेऊन आली. वास तोच. अनंतराव तिच्याकडे बघतच राहिले.

"कालचा उरलेला आहे. टाकायचा राहिला होता," ती म्हणाली. ती न्हाली होती, बाहेर जायचं पातळ नेसली होती. "चला."

ती त्यांना बेसिनपाशी घेऊन गेली आणि पेला त्यांच्या हातात दिला. "ओता."

"तूच ओत की."

"नक्को. तुम्हाला सवय आहे."

हा टोमणा होता की नव्हता, हे त्यांना उमगलं नाही. बहुधा तिलाही सांगता आलं नसतं. अनंतरावांनी नळ सोडला आणि पेला कलता केला. काळपट धार पाण्यात मिसळली आणि घुळघुळ करत खाली गेली. ते कान देऊन थांबले. काही ऐकू आलं नाही, आणि ते न येणंच त्यांना जास्त लागलं. कमल रोज उभी राहायची तशीच बाजूला उभी होती.

"तळाशी राहिलंय बघा," ती म्हणाली.

त्यांनी पेला पाण्याखाली धरून विसळला, पुन्हा विसळला, आणि तिच्या हाती दिला. तिनं तो उजेडाकडे तिरपा धरून आत पाहिलं. मग पदरानं पुसला, कोरलेल्या नावावरून अंगठा फिरवला, आणि कपाट उघडून प्रथमेशच्या फोनशेजारी पालथा ठेवला.

"वेल तोडायची का?" अनंतरावांनी विचारलं.

"राहू दे. तिनं काय केलंय?" कमल म्हणाली. "चपला घाला. उपाशीपोटी रक्त द्यायचंय. मीही येणारे, आकडा मी वाचणार."

ते चपला शोधायला दारापाशी गेले. बेसिनचा नळ तसाच वाहत राहिला होता. तिनं मागं वळून तो बंद केला.